पक्षाघातानंतर वडिलांचे ड जीवनसत्त्व ११ निघाले: हे कारण की परिणाम?

कृष्णाकाठची लेक (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे असून आम्ही साताऱ्याजवळ राहतो. गेल्या महिन्यात एका सकाळी चहा घेताना त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला आणि ते काय बोलत आहेत हे आईला कळेनासे झाले. रात्री झोप नीट झाली नसेल असे समजून आईने त्यांना आडवे केले. तासाभराने उजवा पायही उचलेना, तेव्हा तिने मला हाक मारली. पुण्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत साडेचार तासांची मुदत उलटून गेली होती, त्यामुळे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता आले नाही. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या भागातली खोलवरची एक बारीक रक्तवाहिनी बंद झाल्याचे दिसले. आता ते घरी आहेत, काठीच्या आधाराने चार पावले टाकतात आणि बोलणेही पुष्कळ सुधारले आहे.

रुग्णालयात झालेल्या रक्ततपासण्यांमध्ये ड जीवनसत्त्वाची पातळी ११ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर आली आणि रिपोर्टमध्ये ती ठळक अक्षरांत ‘कमतरता’ म्हणून छापलेली होती. घरी सोडताना ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाबाची औषधे आणि ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी, आठवड्याला एक याप्रमाणे आठ आठवडे, असे लिहून दिले आहे. औषधे सुरू आहेत, त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण वेगळीच आहे. चुलतभावाने कुठेतरी वाचले की ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना पक्षाघात जास्त होतो, आणि तेव्हापासून घरात हाच विषय आहे. आत्या आईला म्हणाल्या की तुम्ही त्यांना रोज अंगणात उन्हाला बसवले असते तर हे झालेच नसते. आईने ते इतके मनाला लावून घेतले आहे की ती धड जेवत नाही. चुलतभावाचा आग्रह आहे की घरातल्या सगळ्यांनी तपासणी करून घ्यावी आणि ज्यांचे कमी निघेल त्यांनी सहा लाख युनिटचे इंजेक्शन एकदाच घेऊन मोकळे व्हावे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वडिलांचे कपाट आवरताना मला त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे सापडली. जूनमध्ये आणलेल्या तीन पाकिटांपैकी दोन जशीच्या तशी होती आणि तिसऱ्यातल्या चारच गोळ्या संपल्या होत्या. विचारल्यावर ते म्हणाले, “बरं वाटत होतं, म्हणून सोडल्या.” हे मी अजून आईला सांगितलेले नाही.

ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे पक्षाघात होतो का, वडिलांची पातळी वाढवल्याने दुसरा झटका टळेल का, आणि घरातल्या इतरांनी काय करावे, हे कोणी जाणकाराने समजावून सांगितले तर फार उपकार होतील.

निवृत्त अध्यापक

ताई, मी वैद्यकीय महाविद्यालयात रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवत असे. आधी आईंना सांगण्याजोगे सांगतो: वडिलांना उन्हात न बसवल्यामुळे पक्षाघात झाला, असे म्हणायला आज हाती असलेल्या पुराव्यांत आधार नाही. आत्याबाईंनी हे काळजीपोटीच म्हटले असेल, पण त्याचा भार आईंनी वाहू नये.

चुलतभावाने वाचले ते खोटे मात्र नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात अनेक दशके चालू असलेल्या हृदयविकाराच्या अभ्यासातील १,७३९ जणांच्या माहितीवर २००८ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व १५ नॅनोग्रॅमपेक्षा कमी होते त्यांना पुढील पाचेक वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे ६२ टक्क्यांनी अधिक झाले, असे त्यात दिसले. कोपनहेगनमध्ये दहा हजारांहून अधिक लोकांचा दोन दशके पाठपुरावा झाला आणि पातळी जितकी खाली तितका गुठळीने होणारा पक्षाघात अधिक, अशी पायरीपायरीने चढणारी रेघ तिथेही आढळली. आपल्याकडे हैदराबादमध्ये पक्षाघाताच्या रुग्णांची तुलना निरोगी माणसांशी केली गेली, तेव्हा रुग्णांमध्ये कमतरतेचे प्रमाण जास्त निघाले. तेव्हा दोन गोष्टी एकत्र आढळतात, हे मान्यच आहे. पहिलीमुळे दुसरी घडते का, एवढाच प्रश्न उरतो.

ड जीवनसत्त्व कोणाचे कमी असते ते पाहा. वय झालेल्यांचे, स्थूल शरीराच्या माणसांचे, मधुमेहींचे, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांचे, तंबाखू सेवन करणाऱ्यांचे आणि गुडघे दुखतात किंवा दम लागतो म्हणून घराबाहेर न पडणाऱ्यांचे. पक्षाघात कोणाला होतो, याची यादी केली तर जवळजवळ हीच नावे पुन्हा येतात. जो माणूस रोज शेतावर किंवा बाजारात चालत जातो त्याच्या अंगावर ऊनही पडते आणि त्याच्या रक्तवाहिन्याही चालण्यामुळे चांगल्या राहतात, पण रिपोर्टमध्ये आकडा उमटतो तो फक्त ड जीवनसत्त्वाचा. संशोधक गणिताने या इतर गोष्टींचा प्रभाव वजा करतात, तरी तो पूर्ण वजा होत नाही. फ्रेमिंगहॅमच्याच निबंधातली एक नोंद मला फार बोलकी वाटते: वाढलेला धोका प्रामुख्याने उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये दिसला, रक्तदाब नसलेल्यांमध्ये तो जवळपास नव्हताच.

दुसरे असे की, वडिलांचे रक्त झटका आल्यानंतर घेतले होते. शरीरावर मोठा आघात झाला की रक्तातली ही पातळी आपोआप खाली येते. गुडघ्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर मोजणी केलेले अभ्यास आहेत आणि त्यांत दोनच दिवसांत आकडा चांगलाच घसरलेला दिसतो. दोन दिवसांत कोणी उन्हावाचून राहिला म्हणून असे होत नाही. त्यामुळे ११ या आकड्यातला काही भाग जुन्या कमतरतेचा आणि काही भाग त्या आजाराचाच असण्याची शक्यता आहे.

अशा ठिकाणी खात्रीचा मार्ग एकच असतो. हजारो लोक घ्यायचे, चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट करायचे, एका गटाला खरे औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी द्यायची आणि कोणाला काय दिले हे वर्षानुवर्षे कोणालाही कळू द्यायचे नाही. ड जीवनसत्त्वाबाबत हे झालेले आहे, आणि एकदा नाही, अनेकदा. बोस्टनमधील संशोधकांनी चालवलेल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ स्त्रीपुरुष होते. अर्ध्यांना रोज २,००० युनिट दिले गेले. पाच वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झाल्यावर औषध घेणाऱ्यांत पक्षाघात १४१ जणांना झालेला होता आणि न घेणाऱ्यांत १४९ जणांना. एवढ्या मोठ्या संख्येत आठचा फरक योगायोगानेही पडतो. न्यूझीलंडमध्ये पाच हजारांवर लोकांना दरमहा एक लाख युनिट दिले गेले आणि त्यांतल्या सुमारे पाव लोकांची सुरुवातीची पातळी २० च्या खाली होती. तिथेही हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार कमी झाले नाहीत. २०१९ साली अशा २१ चाचण्या एकत्र करून ८३,००० हून अधिक लोकांचा हिशोब मांडला गेला, तेव्हाही पक्षाघातात घट दिसली नाही.

निरीक्षणात आशा दिसावी आणि चाचणीत ती मावळावी, हे वैद्यकशास्त्रात पूर्वीही घडले आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांना संप्रेरकांच्या गोळ्या दिल्याने हृदयाचे रक्षण होते, असे निरीक्षणांवरून वर्षानुवर्षे मानले जात होते. २००२ साली अमेरिकेतील मोठी चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली, कारण त्या गोळ्यांनी इतर अपायांबरोबर पक्षाघाताचेही प्रमाण वाढल्याचे दिसले. गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीतल्या आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या, आणि आधीच्या अभ्यासांत दिसलेला फायदा बराचसा त्या सुस्थितीचा होता. मी हे उदाहरण दरवर्षी वर्गात सांगत असे.

एक मर्यादा प्रामाणिकपणे नोंदवतो. या चाचण्यांतले बहुतेक लोक बऱ्यापैकी पातळीचे होते. व्हायटलमध्ये सरासरी ३० च्या आसपास होती. १० च्याही खाली असलेल्या माणसांना पाच वर्षे नुसती निरुपयोगी गोळी देणे नीतीला धरून नसल्यामुळे त्यांच्यापुरता प्रश्न पूर्णपणे मिटलेला नाही. म्हणून वडिलांची कमतरता भरून काढणे योग्यच आहे. ती हाडांसाठी आणि स्नायूंसाठी भरायची, दुसऱ्या झटक्यावरचे कवच म्हणून तिच्याकडे पाहायचे नाही.

आता त्या गोळ्यांच्या पाकिटांबद्दल. आपण ती गोष्ट शेवटी आणि संकोचाने लिहिली आहे, पण मला आपल्या संपूर्ण पत्रात तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. भारतासह ३२ देशांत झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासात पक्षाघाताच्या सुमारे ९० टक्के धोक्याची जबाबदारी बदलता येण्याजोग्या दहा गोष्टींवर जाते असे आढळले. त्यांत पहिला आणि इतरांपेक्षा खूप मोठा वाटा उच्च रक्तदाबाचा होता. मेंदूच्या खोलवरच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडणे हे तर दीर्घकाळ वाढलेल्या रक्तदाबाचे अगदी ओळखीचे काम आहे. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे ‘बरं वाटत होतं’ हे वडिलांचे म्हणणे खरेच असणार. हे आईंना आणि डॉक्टरांनाही जरूर सांगा, पण दोष देण्याच्या स्वरात नको. गोळी सुटली होती हे डॉक्टरांना कळले नाही, तर आधीचे औषध निष्प्रभ ठरले असे समजून ते मात्रा विनाकारण वाढवतील.

हातापायाची ताकद

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पक्षाघाताच्या रुग्णांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. सरांनी मांडलेले पटते. फक्त ‘हाडांसाठी’ हा त्यांचा एक शब्द मला थोडा उलगडून सांगावासा वाटतो, कारण पुढच्या वर्षभरात या घराला खरी भीती त्याच बाजूने आहे.

पक्षाघातानंतर ज्या बाजूची ताकद गेली त्या बाजूचे हाड झपाट्याने विरळ होते. हाडाला वजन पेलण्याची आणि स्नायूंच्या ओढीची सवय असते, ती ओढ थांबली की त्यातले कॅल्शियम कमी होऊ लागते. हातात हे पायापेक्षाही जास्त दिसते. त्यात पाय घासत चालणे, तोल जाणे आणि रात्री लघवीला उठताना अंधारात धडपडणे यांची भर पडते. पडताना माणूस बहुधा दुबळ्या बाजूवरच पडतो आणि तिथलेच हाड विरळ झालेले असते. खुब्याचे हाड मोडून पुन्हा अंथरुणाला खिळलेले रुग्ण मी पाहिले आहेत. आधी महिनोन्‌महिने केलेली सगळी मेहनत त्या एका पडण्यात वाहून जाते.

म्हणून ११ ची पातळी तशीच ठेवू नये, असे माझेही मत आहे. मात्र पुडीने हाताची ताकद लवकर परत येईल, अशी आशा धरू नका. जपानमध्ये पुनर्वसन केंद्रातल्या १०० रुग्णांवर चाचणी झाली होती. रोज २,००० युनिट घेणारे आणि न घेणारे यांच्या दैनंदिन कामांच्या क्षमतेत फरक पडला नाही. याच विषयात जपानमधील एका संशोधकाच्या नावावर फार आशादायक निष्कर्षांचे अनेक निबंध होते, पण आकडे विश्वासार्ह नसल्याचे उघड झाल्यावर त्यांतले कित्येक मागे घेतले गेले. जुन्या लेखांतून आणि भाषणांतून ते निष्कर्ष अजूनही फिरत असतात. रुग्णांच्या घरचे लोक ते वाचून मला विचारतात आणि मला नाही म्हणावे लागते, तेव्हा मनापासून वाईट वाटते.

काय करावे ते सांगते. खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेतली पायपुसणी आणि सतरंज्या आजच उचला. संडासात भिंतीला पकडायची दांडी बसवून घ्या, पण डाव्या हाताला येईल अशी, कारण आधार धरणारा हात आता तो आहे. रात्री बारीक दिवा जळता ठेवा. खुर्चीतून उठून उभे राहण्याचा व्यायाम दिवसातून तीन वेळा, दर वेळी दहा उठाबशा, दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन करून घ्या. सुरुवातीला ते डाव्याच पायावर रेलतील, तेव्हा उजव्या गुडघ्यावर हलका हात ठेवून त्यांना तिकडे यायला सांगा. वजन पेलण्याचा हा व्यायाम हाडाला पुडीइतकाच लागतो.

उन्हाबद्दलही एक सांगते, कारण आपल्याकडे सगळे सकाळच्या कोवळ्या उन्हाचे नाव घेतात. ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्या तिरप्या उन्हात फार थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचे ऊन त्यासाठी उपयोगी असते, म्हणजे साधारण अकरा ते दोनच्या दरम्यानचे. हात, पाय आणि पाठ उघडी ठेवून वीसेक मिनिटे पुरतात, पण सावळ्या त्वचेला आणि उतारवयात जास्त वेळ लागतो. एप्रिल-मे महिन्यांत या वेळी पक्षाघाताच्या रुग्णाला बाहेर बसवू नका, शरीरातले पाणी कमी होणे त्यांना धोक्याचे आहे. कोवळे ऊन वाया जाते असे मात्र समजू नका. सकाळी सातला बाबा अंगणापर्यंत चालत आले, शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलले, तर चालण्याचा आणि बोलण्याचा व्यायाम आपोआप होतो.

यारा नदीकाठचा पुणेकर

मी मेलबर्नमध्ये राहतो, डॉक्टर नाही, पण माझ्या आईला पुण्यात पक्षाघात झाल्यापासून या विषयाचे जे मिळेल ते वाचत आलो आहे. दोन गोष्टी इथल्या असल्यामुळे लिहितो.

पहिली म्हणजे ६०,००० युनिटची पुडी. ऑस्ट्रेलियात ‘डी-हेल्थ’ नावाची चाचणी झाली, तिच्यात ६० ते ८४ वयाच्या २१,००० हून अधिक लोकांना पाच वर्षांपर्यंत नेमकी हीच मात्रा, पण महिन्यातून एकदा, दिली गेली. निष्कर्ष २०२३ साली आले. हृदय व रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना औषध घेणाऱ्यांत ६ टक्के आणि इतरांत ६.६ टक्के होत्या. हा फरक योगायोगाच्या सीमेवरचा आहे, आणि तो दिसला तो हृदयविकाराच्या झटक्यांमुळे. पक्षाघाताच्या बाबतीत दोन्ही गट जवळजवळ तंतोतंत सारखे निघाले. सरांनी ज्या चाचण्यांचा उल्लेख केला त्यांच्यात ही भर घालावीशी वाटली, कारण आपल्याकडे घरोघरी जी पुडी फ्रीजवर ठेवलेली दिसते तिचीच ही परीक्षा होती.

दुसरी गोष्ट सहा लाखांच्या इंजेक्शनबद्दल आहे आणि ती मी अगदी कळकळीने लिहितो. इथेच, व्हिक्टोरिया राज्यात, सत्तरी ओलांडलेल्या २,२५६ स्त्रियांवर एक चाचणी झाली होती. त्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट तोंडावाटे द्यायचे, म्हणजे रोजची कटकट नको आणि हाडे मोडणार नाहीत, असा हेतू होता. २०१० साली निष्कर्ष आले ते नेमके उलटे होते. औषध घेतलेल्या स्त्रिया सुमारे १५ टक्क्यांनी जास्त पडल्या आणि त्यांची हाडे सुमारे २६ टक्क्यांनी जास्त मोडली, आणि हा फरक औषध घेतल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत जास्त ठळक होता. वरच्या प्रतिसादात ताईंनी पडण्याची जी भीती सांगितली आहे, ती लक्षात घेता ‘एकदाच घेऊन मोकळे होणे’ या घरात कोणीच करू नये, असे मला वाटते.

जाता जाता परदेशातून रिपोर्ट पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. इथे आणि इंग्लंडमध्ये आकडा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात, तो भारतातल्या आकड्याच्या अडीच पट असतो. माझा ५२ आला तेव्हा मी आईच्या १९ शी तुलना करून निश्चिंत झालो होतो. प्रत्यक्षात माझा आकडा भारतातल्या हिशोबाने २१ च्या आत होता, म्हणजे आम्ही दोघे जवळपास एकाच पायरीवर होतो.

नाशिकची माई

सर्वांचे वाचले. पण माझा अनुभव वेगळा आहे. माझी पातळी ९ होती, अंग सतत दुखायचे, जिना चढवत नसे. पुड्या घेतल्यावर दोन महिन्यांत मी चालू-फिरू लागले. आता डॉक्टर थांबा म्हणाले तरी मी स्वतःहून दर आठवड्याला एक पुडी घेते आणि आकडा ८० च्या वर ठेवते. जीवनसत्त्वच आहे ते, विष तर नाही. पक्षाघात टळो न टळो, घेऊन तोटा काय?

निवृत्त अध्यापक

माई, आपले दुखणे पुडीने थांबले यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पातळी ९ असताना हाडे आणि मांड्यांचे स्नायू दुखतात, जिना चढवत नाही आणि कमतरता भरून निघाली की माणूस खरोखर उभा राहतो. आपण घेतला तो या औषधाचा हक्काचा उपयोग होता.

तोट्याचे मात्र ऐका. क जीवनसत्त्व जास्त झाले तर लघवीवाटे निघून जाते, ड चे तसे नाही. ते चरबीत साठते आणि आठवडेच्या आठवडे शरीरात राहते. मर्यादेबाहेर गेले की रक्तातले कॅल्शियम वाढते. मग बद्धकोष्ठ, उलट्या, सारखी तहान, गोंधळल्यासारखे बोलणे अशी लक्षणे येतात आणि मूत्रपिंडांना इजा होते. भारतात अशा रुग्णांची नोंद अनेक ठिकाणी झाली आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत इंजेक्शनांवर इंजेक्शने किंवा न थांबवलेल्या पुड्या हेच कारण होते. पक्षाघात झालेल्या माणसात अशी गुंगी आणि गोंधळ दिसला, तर घरच्यांना दुसरा झटका आला असेच वाटते. आठवड्याला ६०,००० म्हणजे रोजचे साडेआठ हजारांहून अधिक युनिट होतात. देखरेखीविना कायम घेण्याची वरची मर्यादा प्रौढांसाठी रोज ४,००० मानली जाते, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रोजची गरज ६०० युनिटची आहे. कमतरता भरून काढायच्या आठ आठवड्यांपुरती मोठी मात्रा ठीक असते. आपण कृपया पुड्या थांबवून रक्तातले कॅल्शियम आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिॲटिनिन तपासून घ्या.

८० च्या वर आकडा ठेवण्याने काही मिळते, असा पुरावा नाही. हाडांसाठी २० बहुतेक सर्वांना पुरते. ३० चा आग्रह पूर्वी अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने धरला होता, तो त्यांनीच २०२४ साली सोडला, आणि निरोगी प्रौढांनी सरसकट तपासणी करत बसू नये असेही सांगितले. चुलतभावाच्या प्रस्तावाचे उत्तर यातच आहे. घरातल्या निरोगी मंडळींनी या तपासणीवर हजार-दीड हजार रुपये घालवण्यापेक्षा दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणारे यंत्र तेवढ्याच पैशांत आणावे आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आपला रक्तदाब पाहावा. वडिलांना उच्च रक्तदाब असेल तर मुलांना तो होण्याची शक्यता वाढते, म्हणून मी हे चुलतभावाला आणि ताई, आपल्यालाही सांगतो आहे.

वडिलांच्या बाबतीत एक प्रश्न विचारायचा राहिला. रक्तदाबाच्या औषधांत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड आहे का, ते पाकिटावर पाहा. ही औषधे चांगलीच आहेत, बंद करू नका. पण ती लघवीवाटे जाणारे कॅल्शियम रोखून धरतात, त्यामुळे ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेबरोबर ती चालू असतील तर मध्ये एकदा कॅल्शियम मोजलेले बरे. पुडी जेवणानंतर दुधातून द्यावी, स्निग्ध पदार्थाबरोबर ती चांगली शोषली जाते. आठ पुड्या झाल्या की पुढे काय, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नववी आणू नका.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ करून द्या: तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोबडी वळणे, यांपैकी काहीही अचानक झाले तर आडवे करून वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचे. मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही गुठळी काढता येते, पण मेंदूचा भाग वाचतो तो जितके लवकर पोहोचाल तितका.

कृष्णाकाठची लेक

सर, ताई, दादा, माई, सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण मधल्या काळात डॉक्टरांना भेटून आले.

सरांनी सांगितल्याप्रमाणे पाकिटे पाहिली. दोन औषधे एकत्र असलेल्या गोळीत क्लोरथॅलिडोन आहे. डॉक्टरांनी गोळी तशीच ठेवली आणि चौथ्या पुडीनंतर कॅल्शियमची तपासणी लिहून दिली. जूनपासून गोळ्या सुटल्या होत्या हे सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. आधीच्या औषधाने काम केले नसावे असे समजून ते मात्रा वाढवण्याच्या विचारात होते, ते त्यांनी थांबवले. रक्तदाब १३०/८० च्या खाली आणायचा आहे, असे त्यांनी वडिलांनाच समजावून सांगितले.

आईला मी स्वयंपाकघरात बसवून सगळे वाचून दाखवले. पाकिटांचे ऐकून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की मला विचारले असते तर मी रोज हातावर ठेवली असती. आत्या रविवारी आल्या होत्या, त्यांना ताईंनी सांगितलेले सावलीचे गणित फार आवडले, आणि बोलता बोलता त्याही गेल्या वर्षापासून आपली रक्तदाबाची गोळी ‘एक दिवसाआड’ घेतात हे बाहेर आले. यंत्र आणले होतेच, त्यांचा मोजला तर १७२/९८ निघाला. दुसऱ्याच दिवशी चुलतभाऊ त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. इंजेक्शनाचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही.

संडासात दांडी डाव्या हाताला बसवली आहे. आईने एक शंभर पानी वही केली आहे. तिच्यात सकाळची गोळी, रात्रीची गोळी, सकाळ-संध्याकाळचा रक्तदाब आणि उठाबशा असे रकाने आहेत, आणि रविवारच्या ओळीत पुडीची खूण. खुणा वडील स्वतः उजव्या हाताने करतात, पहिल्या चार दिवसांच्या नुसत्या वाकड्या रेघा आहेत. आज सकाळचा रक्तदाब १३८/८४ होता.